अचक्षूला डोळ्यांचे डोहळे

प्रेम म्हणजे ऑक्सिटोसिन. ते तयार होते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये. निराकार देवाला मेंदू नाही. सबब, निराकार देवाला प्रेम वाटू शकत नाही. चार वाक्यांत निकाल लावून एक बाजू मोकळी होते. दुसरी बाजू यावर तितक्याच घाईने म्हणते, की देवाचे प्रेम बुद्धीपलीकडचे, तिथे तर्क चालत नाही. मग ते प्रेम आहे हे तरी तुम्हाला कुणी सांगितले? बुद्धीपलीकडचे असेल तर ते बुद्धीपलीकडचे वैरही असू शकेल! एक बाजू प्रेमाचा अर्थ ग्रंथीच्या स्रावाएवढा करते, दुसरी त्याला अर्थच ठेवत नाही. ज्या प्रश्नावर उपनिषदांपासून नैयायिकांपर्यंत, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांपर्यंत, आणि ॲरिस्टॉटलपासून देकार्तपर्यंत लोकांनी डोके झिजवले, त्याची ही दशा पाहवत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. देह नसणे ही प्रेमाच्या वाटेतली अडचण नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती देवाच्या वकिलांनीच शतकानुशतके जपून ठेवली आहे. ती म्हणजे देव अविकारी आहे, त्याला कशानेही काहीही फरक पडत नाही, हा सिद्धान्त. बिनदेहाचा देव प्रेम करू शकेल, पण ज्याला कशाचाच फरक पडत नाही त्याला, चार हात आणि धडधडते काळीज दिले तरी, प्रेम करता येणार नाही.

आधी देहवाद्यांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. भावनेत शरीर किती खोल गुंतलेले असते हे ॲरिस्टॉटलला नीट ठाऊक होते. रागाची व्याख्या दोन जण दोन तऱ्हांनी करतील, असे तो म्हणतो. तर्कशास्त्री म्हणेल, दुखावल्याची परतफेड करण्याची इच्छा. निसर्गाचा अभ्यासक म्हणेल, हृदयाभोवतीचे रक्त उकळणे. १८८४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने यातली दुसरी व्याख्या टोकाला नेली. आपण दुःखी होतो म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो. भीतीतून धडधड, घाम, आखडलेले पोट, थरथरते ओठ एकेक करून वजा करा, आणि मग भीती म्हणून काय उरते ते दाखवा, हे त्याचे आव्हान आजही भल्याभल्यांना निरुत्तर करते.

पण आव्हान आहे तर ते तपासायलाही हवे, आणि ते तपासले गेले आहे. १९२४ साली मारान्यॉन या स्पॅनिश वैद्याने २१० जणांना ॲड्रिनलिन टोचून काय वाटते ते विचारले. छाती धडधडली, हात कापले. जेम्सच्या हिशेबाने भीती तिथे हजर व्हायला हवी होती. बहुतेकांनी नुसती शारीरिक लक्षणे सांगितली. काही म्हणाले, ‘भीती वाटल्यासारखे’ होते आहे. हे ‘सारखे’ महत्त्वाचे. घाबरण्याजोगे समोर काही नव्हते आणि ते त्यांना कळत होते. म्हणजे नुसती खळबळ पुरेशी नाही. बरे, ती आवश्यक तरी आहे का? १९६६ मध्ये होमन या मानसशास्त्रज्ञाने मज्जारज्जूला इजा झालेल्या २५ जणांना विचारले. त्याचे स्वतःचेही कमरेखालचे शरीर लुळे होते. इजा जितकी मानेच्या जवळ, तितका रागातला आणि भीतीतला ताप कमी झाला होता. हा राग डोक्यातला, त्याला पूर्वीची धग नाही, असे एकाने सांगितले. इथपर्यंत जेम्स जिंकतो. पण त्याच लोकांत निरोपाच्या वेळी गळा दाटणे, डोळे भरून येणे कमी न होता वाढले होते. नंतरच्या पाहण्यांत रागाची ही घटही तितकी ठळक दिसली नाही. मेंदूच्या देठाला इजा होऊन ज्यांचे सारे शरीर निश्चल होते, फक्त पापण्या आणि बुबुळे हलवता येतात, अशा फ्रेंच रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरे जमेस धरलेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे डोळ्यांच्या खुणांनी कळवले. बाहेरून बघणाऱ्याने त्यांना केव्हाच दगडात काढले असते.

ऑक्सिटोसिनचे म्हणाल, तर नऊ अमिनो आम्लांची ही साखळी बाळंतपणात गर्भाशयाचे आकुंचन घडवते, आईला पान्हा फोडते, आणि जन्माची जोडी बांधणाऱ्या गवताळ रानातल्या व्होल उंदरांच्या अभ्यासातून तिला ‘प्रेमाचे रसायन’ ही पदवी मिळाली. २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ज्यांच्या जनुकातून ऑक्सिटोसिन पकडणारा ग्राहकच (रिसेप्टर) काढून टाकला आहे असे व्होल पैदा करून पाहिले. त्यांनी जोड्या बांधल्या, पिल्ले घातली, पाजलीही. दूध कमी पडले आणि दूध सुटेपर्यंत जगणारी पिल्ले कमी झाली, हे खरे. म्हणजे रसायनाने पान्ह्यात फरक पडला, पण जोडी त्याच्यावाचून अडली नाही. ज्या प्राण्याच्या जिवावर ‘प्रेम म्हणजे ऑक्सिटोसिन’ हे सूत्र उभे राहिले, त्यानेच ते मोडले.

आता कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की या सगळ्यांना मेंदू होता की! उंदराला होता, निश्चल रुग्णालाही होता. मेंदूवाचून प्रेम करणारा एक तरी दाखवा. नाही दाखवता येत. पण हा युक्तिवाद किती लांब जातो बघा. मेंदूवाचून जाणणाराही कुठे दिसला आहे? मेंदूवाचून इच्छा करणारा? ज्याला अशरीरी मनच मान्य नाही त्याचा वाद देवाच्या असण्याशी आहे, प्रेमाशी नाही, आणि तो त्याने त्या नावाने करावा. देवाला बिनदेहाचे सर्वज्ञान खुशाल द्यायचे आणि प्रेमाशी येताच ‘मेंदू कुठाय?’ विचारायचे, हा अर्धकुक्कुटी न्याय झाला. अर्धी कोंबडी कापून खायची आणि अर्धी अंड्यांसाठी ठेवायची.

आपल्याकडे हा तंटा कुंभारावरून रंगला. नैयायिक म्हणत, घडा दिसला की कुंभार असणारच, तसे जग हे कार्य आहे तर कर्ता असणार. विरोधक लगेच पकडत: आम्ही पाहिलेला प्रत्येक कुंभार देहधारी आहे, मग तुमचा कर्ताही देहधारी माना. नैयायिकांचे उत्तर झकास होते. कुंभार दंडाने चाक फिरवतो, हाताने दंड फिरवतो, हात कशाने फिरवतो? हात हलवायला आणखी एक हात लागत नाही. साखळीच्या मुळाशी ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तिघेच उरतात आणि कर्तेपण त्यांच्यात आहे. देह कुंभाराला लागतो तो मातीपर्यंत पोचण्यासाठी. या उत्तराने जगाचा कर्ता सिद्ध होतो असे मला वाटत नाही. पण ‘नेहमी सोबत दिसते’ आणि ‘त्यावाचून होऊच शकत नाही’ यांतली फट ते नेमकी दाखवते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हीच फट प्रेमात दाखवली. शान्यू या मित्राला लिहिलेल्या १ फेब्रुवारी १६४७ च्या पत्रात तो दोन प्रेमे वेगळी करतो. एक बुद्धीचे. आत्म्याला काही चांगले दिसते आणि तो आपल्या इच्छेने स्वतःला त्याच्याशी जोडून घेतो. हे देह नसतानाही घडू शकेल. दुसरे देहाचे, हृदयाभोवतीच्या उबेचे. त्याच वर्षी जूनमध्ये तो आणखी एक मजेदार गोष्ट लिहितो. लहानपणी त्याला आपल्याच वयाची एक किंचित चकणी मुलगी आवडत असे, आणि पुढे कित्येक वर्षे चकण्या माणसांकडे त्याचे मन उगाच ओढ घेई. तिच्या डोळ्यांचा आणि त्या प्रेमाचा ठसा मेंदूत शेजारी शेजारी उमटला होता, एक हलला की दुसरा हले. आपल्याला असे होते, आणि चकणेपण हा तर दोष, हे ध्यानात आल्यावर ती ओढ गेली. देह प्रेमात नेमके काय घालतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तो जोर घालतो, ऊब घालतो, आणि पुष्कळदा पत्ता चुकवतो.

मग प्रेमात अटळ असे काय? चार गोष्टी सुट्या करून पाहू. अमुकच एका जिवावर खिळलेले लक्ष. त्याचे भले व्हावे ही इच्छा. त्याचे भले-बुरे झाले तर आपल्याला पडणारा फरक. आणि अंगातली खळबळ. नातू परदेशी असलेल्या आजीच्या छातीत दिवसभर कालवाकालव होत नसते. ती भाजी निवडत असते, दुपारी डोळा लागलेला असतो, आणि त्या झोपेतही तिचे नातवावर प्रेम नाही असे कुणी म्हणणार नाही. चौथी गोष्ट येते-जाते. आता तिसरी काढून पाहा. पूरग्रस्तांना धान्य वाटणारा कर्तव्यदक्ष अधिकारी डोळ्यांसमोर आणा. यादीतल्या प्रत्येक नावाकडे त्याचे लक्ष आहे, प्रत्येकाचे भले व्हावे अशी त्याची प्रामाणिक इच्छा आहे, दहा किलोच्या जागी नऊ किलो जाणार नाहीत. पण यादीतले एक नाव उद्या खोडले गेले तर त्याला एक पिशवी परत जमा करायची आहे, एवढेच. तो चांगला माणूस आहे, पण त्याचे त्या माणसांवर प्रेम आहे असे आपण म्हणू का?

आणि नेमकी हीच तिसरी गोष्ट देवाकडून काढून घेण्याचा खटाटोप जगभरच्या देवशास्त्रांनी केला. इंग्लंडच्या चर्चच्या १५७१ साली पक्क्या झालेल्या धर्मकलमांपैकी पहिल्याच कलमात देव ‘देह, अवयव आणि विकार यांवाचून’ असल्याचे एका दमात सांगितले आहे. तीन वेगळ्या गोष्टी एका दोरीने बांधल्या, आणि तेव्हापासून लोकांना वाटते की देह गेला की फरक पडणेही जाते. आपल्याकडे ही दोरी आणखी जुनी आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात प्रजापती इंद्राला सांगतो, ‘अशरीरं वाव सन्तं न प्रियाप्रिये स्पृशतः’, जो अशरीरी आहे त्याला प्रिय आणि अप्रिय शिवत नाहीत. माझ्या मताविरुद्धचे हे सगळ्यात भक्कम वाक्य. योगसूत्रांचा ईश्वर क्लेशांनी न शिवलेला, आणि क्लेशांच्या यादीत राग म्हणजे आसक्ती आहेच. न्यायवैशेषिकांनी तर हिशेबच मांडला. जीवात्म्याला चौदा गुण, ईश्वराला आठ. त्या आठांत ज्ञान, इच्छा, प्रयत्न आहेत, सुख-दुःख नाहीत. म्हणजे धान्य वाटणारा आपला अधिकारीच, फक्त सर्वज्ञ!

अकराव्या शतकात आन्सेल्म या ख्रिस्ती देवशास्त्र्याला ही बोच जाणवली होती. लॅटिनमधल्या दयेच्या शब्दाच्या, ‘मिसेरिकॉर्दिया’च्या, पोटातच ‘दुःखी हृदय’ आहे. तुला दुःखच होत नाही तर तू दयाळू कसा, असे तो देवालाच विचारतो, आणि उत्तर देतो की आमच्या अनुभवाच्या बाजूने तू दयाळू आहेस, तुझ्या बाजूने नाहीस. परिणाम आम्हाला जाणवतो, भाव तुला होत नाही. प्रामाणिक उत्तर, पण किती थंड! ऊन आपल्याला ऊबदार लागते म्हणून सूर्याचे आपल्यावर प्रेम आहे म्हणावे, तसे. थॉमस अक्वायनसने दोनशे वर्षांनी यातून वाट काढली ती ॲरिस्टॉटलची दोन व्याख्यांची युक्ती वापरून. रक्ताचे उकळणे देहाचे, इच्छा बुद्धीची. देवाकडे प्रेम आणि आनंद आहेत, खळबळीवाचून. दुःख मात्र नाही, कारण दुःखाच्या अर्थातच उणेपणा आहे. मला अक्वायनसचा पहिला अर्धा भाग पूर्ण मान्य आहे आणि दुसरा मुळीच नाही. हरवलेले मेंढरू सापडल्यावर स्वर्गात आनंद होतो असे लूकचे शुभवर्तमान सांगते. सापडल्याचा आनंद ज्याला होतो, त्याला हरवल्याचे काहीच नव्हते? मग सापडले कोण आणि कशासाठी?

अविकारी देवाच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा ग्रंथांत नाही, ऑपरेशन थिएटरात आहे. ज्या सर्जनचे हात रुग्णाच्या वेदनेने कापतात तो काय कामाचा? बुडणाऱ्याला वाचवायला दुसरा बुडणारा नको, काठ धरून उभा असलेला हवा. शंभर टक्के मान्य. पण सर्जनचे हात न कापणे आणि टेबलावरचा माणूस जगला काय, गेला काय, त्याला सारखेच असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. विकार म्हणजे ताबा सुटणे. फरक पडणे म्हणजे ताबा सुटणे नव्हे. उपनिषदातले प्रिय-अप्रियही मी असेच वाचतो. तिथे इंद्र आपल्या देहाच्या सुखदुःखाचा उलगडा मागतो आहे, आणि देह गेला की स्वतःपुरते गोड-कडू संपते, हे उत्तर त्या प्रश्नाला चोख आहे. दुसऱ्याच्या गोड-कडूचे काय, हा तिथला प्रश्नच नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याने तो घेतला आहे: ईश्वराचे स्वतःचे काही भले व्हायचे नाही, तरी ‘भूतानुग्रहः प्रयोजनम्’, जिवांवर कृपा हे प्रयोजन आहे. तुकोबांच्या मराठीत हेच ‘करी लाभेंविण प्रीती’ असे येते. तो अभंग संतांना उद्देशून आहे, देवाला नव्हे. पण त्याच्या पुढच्याच चरणात ‘पोटीं भार वाहे’ आहे. लाभ नाही, भार मात्र आहे. हा भार देवशास्त्र्यांना नको असतो.

तमिळ वैष्णवांत यावरून उघड दोन तट पडले. वडगलै म्हणाले, दया म्हणजे दुसऱ्याचे दुःख दूर करण्याची इच्छा. तेंगलै म्हणाले, दया म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणे. वेदान्तदेशिक पहिल्या बाजूचे, पिळ्ळै लोकाचार्य दुसऱ्या. (पुढे हेच दोन तट देवळातल्या नामाच्या, म्हणजे गंधाच्या खुणेच्या, आकारावरून कोर्टापर्यंत भांडले, हा भाग वेगळा.) दोघांचाही देव तोच, चार हातांचा, लक्ष्मीसह बसलेला. देहाबद्दल वाद नव्हताच! तरी मतभेद अगदी तोच, जो निराकारवादी आन्सेल्म आणि १९७२ साली ‘जो दुःख भोगू शकत नाही तो प्रेमही करू शकत नाही’ असे मांडणारा, एकेकाळी युद्धकैदी राहिलेला जर्मन देवशास्त्री युर्गेन मोल्टमान यांच्यात आहे. देह असो नसो, वादाची रेघ फरक पडतो की नाही याच जागी उमटते.

राहिला शेवटचा बालेकिल्ला. देव पूर्णकाम आहे. त्याला काही हवे असेल तर तो अपुरा ठरेल, आणि प्रेमात हवेपण असतेच. इथे मी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघडतो. भक्ताबद्दल कृष्ण म्हणतो, ‘तो पहावा हे डोहळे । म्हणौनि अचक्षूसी मज डोळे’. त्याला मिठी मारायला दोनावर आणखी दोन भुजा घेऊन आलो, म्हणतो, आणि मग स्पष्टच, ‘मज विदेहा देह धरणें घडे’. क्रम पाहा. डोळे होते म्हणून पाहावेसे वाटले नाही, पाहावेसे वाटले म्हणून डोळे आले. जेम्सच्या नेमके उलट. आणि शब्द कोणता निवडला? इच्छा, ओढ, आस, सगळे हाताशी असताना डोहळे, गर्भारपणाचे. डोहळ्यांचे मूळ संस्कृत ‘दौहृद’. सुश्रुत सांगतो की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्याला हवे-नको कळू लागते, आणि दोन हृदयांच्या त्या बाईला दौहृदिनी म्हणतात. तिला चिंच हवीशी वाटते ती तिच्यात काही उणे आहे म्हणून नव्हे. तिच्या आत आणखी एक जीव आहे आणि त्याचे हवेपण तिच्या जिभेवर आले आहे. आन्सेल्मला दयेच्या शब्दात एक दुःखी हृदय सापडले आणि तो अडला. इथे शब्दात दोन हृदये आहेत आणि गाठ सुटते. हवेपण म्हणजे उणेपणच, हे समीकरण एका हृदयाच्या हिशेबात खरे आहे. दुसऱ्याला आत घेतले की ते लागू होत नाही. हे काव्य आहे, सिद्धान्त नव्हे, असे कुणी म्हणेल. असेल. पण पूर्णकामतेवर इतका नेमका प्रतिवाद मला गद्यात भेटलेला नाही.

देह लागतो तो आपल्याला. गीतेने बाराव्या अध्यायात तसे म्हटलेच आहे: अव्यक्ताची वाट कष्टाची, पण ‘देहवद्भिः’, देह असणाऱ्यांना. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याने मूर्ती आणि अवतार बाजूला ठेवले, तुकोबांचे अभंग मात्र ठेवले. रानडे-भांडारकरांसारखी माणसे निराकाराला आळवत राहिली. समाज शहरी सुशिक्षितांपलीकडे फारसा पसरला नाही, यावरून निराकार देवाला माया नसते असे सिद्ध करणारे तेव्हाही होते. त्यावरून सिद्ध होते ते एवढेच, की आपल्याला पायावर डोके ठेवायला पाय लागतात.

मात्र देवाला फरक पडतो असे म्हणणाऱ्याने, जगाचा कर्ताच नाकारणाऱ्या मीमांसक कुमारिल भट्टाला तोंड द्यायची तयारी ठेवावी. ईश्वराने करुणेने जग निर्माण केले म्हणता? निर्मितीआधी कीव करण्याजोगे होतेच कोण? आणि करुणाच असती तर ‘सृजेच्च शुभमेवैकम्’, नुसते चांगलेच निर्माण केले असते. अविकारी देवाच्या वकिलाला हा प्रश्न फारसा झोंबत नाही. त्याच्या अशिलाला मुळात काही वाटतच नाही. झोंबतो तो माझ्या बाजूला. ज्याला प्रत्येक जिवाचा फरक पडतो त्याने हे असे जग का चालू ठेवले, याला हायपोथॅलॅमस असल्या-नसल्याने काडीचेही उत्तर मिळत नाही. वाद घालायचाच तर तो इथे घालावा.